मुलीच्या गळ्यातला टाय : नक्कल, हौस की गरज?

जून उजाडला की अहमदपूरच्या बाजारात गणवेशाच्या दुकानांपुढे आई-मुलींची गर्दी होते. शर्ट, सलवार किंवा स्कर्ट, पट्टा, मोजे आणि शेवटी टाय. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत निघालेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या गळ्यात अम्मी स्वतःच्या हाताने टाय अडकवते, फोटो काढते आणि कौतुकाने नानीला पाठवते. त्या टायविषयी घरात कोणाला प्रश्न पडत नाही. बारा वर्षांनी तीच मुलगी महाविद्यालयात जाते. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तिला टाय घालावासा वाटतो आणि त्याच घरात वाद सुरू होतो. अब्बा म्हणतात, हा पुरुषांचा पेहराव. दादी म्हणते, हे इंग्रजांचे खूळ. भाऊ मोबाईलवर एक क्लिप दाखवून सांगतो की टाय म्हणजे ख्रिश्चनांचा क्रॉस.

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या भागात मुलीच्या कपड्यावरून सुरू झालेला वाद पुष्कळदा तिच्या शिक्षणावर जाऊन थांबतो. "असलेच शिकायला कॉलेजात पाठवले का?" हा प्रश्न एकदा घरात उच्चारला गेला की पुढच्या वर्षीचा प्रवेश धोक्यात येतो. म्हणून या कापडाच्या पट्टीकडे जरा शांतपणे पाहू. ती आली कुठून, बायकांच्या गळ्यात कधी गेली, दीनच्या कसोटीवर तिचे काय, आणि घरात याचा निर्णय कसा व्हावा?

'टाय डे' आणि 'साडी डे'

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात निरनिराळे 'डे' साजरे होतात. त्यांतला एक ठरलेला : मुलांनी टाय घालायचा, मुलींनी साडी नेसायची. म्हणजे टाय मुलाचा आणि साडी मुलीची, अशी वाटणी गृहीतच धरलेली. अलीकडे ही वाटणी मुलींनीच मोडायला सुरुवात केली आहे. कोणी लांब स्कर्टवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सैल गाठीचा टाय घालते, कोणी कुर्त्याच्या कॉलरखाली अरुंद टाय बांधते, कोणी हिजाबच्या रंगाशी जुळणारा टाय निवडते. चित्रपट आणि मोबाईलवरचे रील हे त्यामागचे उघड कारण आहे. पण मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीपासून बायका टाय घालत आल्या आहेत.

टाय क्रॉस आहे का?

आधी क्लिपमधल्या दाव्याविषयी. टायचा उगम धार्मिक चिन्हात नाही, सैनिकांच्या गळपट्टीत आहे. सतराव्या शतकात युरोपात तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) चालू होते. त्या काळात फ्रान्सच्या सेवेत असलेले क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक गळ्याभोवती कापड गुंडाळून समोर गाठ मारत. फ्रेंचांना ती पद्धत आवडली. राजा चौदावा लुई याच्या दरबारात ती रूढ झाली आणि 'क्रोएट' या शब्दावरून त्या कापडाला 'क्रॅव्हाट' हे नाव पडले. क्रोएशियात आजही १८ ऑक्टोबर हा क्रॅव्हाटचा दिवस म्हणून पाळतात. पुढे त्या रुंद कापडाची लांब, अरुंद पट्टी एकोणिसाव्या शतकात झाली. आजच्यासारखा तिरप्या कापडातून तीन तुकडे कापून शिवलेला टाय १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. कापड तिरपे कापल्यामुळे गाठ सोडली की टाय पुन्हा सरळ होतो. हे आपल्या शिंप्यांना सांगायला नको. ब्लाउजची पायपीनही ते तिरपीच कापतात.

या सगळ्या इतिहासात टाय क्रॉसऐवजी गळ्यात आला, असे कुठे दिसत नाही. ज्याला टाय आवडत नाही त्याने खुशाल घालू नये. पण दीनच्या नावावर चुकीची माहिती पुढे पाठवणे हेही चांगले काम नाही. ऐकलेली गोष्ट पडताळून पाहण्याची शिकवण आपल्याला सूरह हुजुरातमध्येच मिळालेली आहे.

बायकांच्या गळ्यात कधी?

युरोपात घोड्यावर बसणाऱ्या श्रीमंत स्त्रिया सतराव्या-अठराव्या शतकापासून गळ्यात क्रॅव्हाट बांधत. सामान्य घरातल्या स्त्रीपर्यंत टाय पोहोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कारण होते काम. टंकलेखन, शिकवणे, दुकानात हिशेब ठेवणे अशा नोकऱ्यांसाठी त्या घराबाहेर पडू लागल्या. झालरींचे भारी झगे तिथे उपयोगाचे नव्हते. कॉलरचा साधा शर्ट, लांब स्कर्ट आणि टाय हा त्यांचा नोकरीचा वेश ठरला. अंग झाकलेले, हात मोकळे आणि दिसायला नीटनेटके, असा तो पेहराव होता.

चित्रपटांनी त्याला निराळे वळण दिले. १९३० च्या 'मोरोक्को' या चित्रपटात मार्लेन डिट्रिच पुरुषी सूट घालून पडद्यावर आली आणि गाजली. १९७७ मध्ये 'ॲनी हॉल'मधल्या डायन कीटनच्या ढगळ पँट, जाकीट आणि टायने अमेरिकेतल्या मुलींना वेड लावले. म्हणजे एकाच टायच्या मागे दोन परंपरा आहेत. एक कष्टाची नोकरी करणाऱ्या बाईची, दुसरी पडद्यावरच्या नटीची. आपली मुलगी त्यांतली कोणती घेते आहे, हे टायकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तिच्याशी बोलावे लागते.

आपल्याकडचा गळा बंद होता

मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लिम घरांतले फोटो काढून पाहा. आजोबा-पणजोबा शेरवानीत दिसतील, गळ्यापर्यंत बटणे लावलेली, डोक्यावर रूमी टोपी. अहमदपूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यात होता, नंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये गेला. त्या संस्थानी जगात सभ्य माणसाचा पोशाख शेरवानी हाच होता. तिच्या उभ्या, बंद कॉलरमध्ये टायला जागाच नव्हती. म्हणून आपल्या दादी-नानींना टाय परका वाटला तर नवल नाही. टाय आपल्या गावांत मुख्यतः इंग्रजी शाळांच्या गणवेशातून आला, आणि आला तेव्हा मुलगा-मुलगी दोघांच्याही गळ्यात एकाच वेळी पडला. आज पंधरा-वीस वर्षांच्या मुलीसाठी टाय ही लहानपणापासूनची स्वतःचीही वस्तू आहे. आजोबांच्या पिढीला जे पुरुषाचे वाटते, ते नातीला तसे वाटत नाही.

दीनची कसोटी

आता मुख्य प्रश्न. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आलेल्या हदीसप्रमाणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांवर आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रियांवर लानत केली आहे. ही गोष्ट हलकी नाही. ती बाजूला सारून चालणार नाही.

पण कोणता कपडा पुरुषाचा आणि कोणता स्त्रीचा, हे ठरवायचे कसे? बुखारीवरील 'फतहुल बारी' या प्रसिद्ध भाष्यात हाफिज इब्न हजर (रह.) सांगतात की पेहरावाचे स्वरूप प्रत्येक प्रदेशाच्या रिवाजाप्रमाणे बदलते. काही लोकांत स्त्री-पुरुषांचे कपडे सारखेच असतात आणि स्त्री ओळखू येते ती पर्द्याने, अंग झाकण्याने. आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. सलवार-कमीज पुरुषही घालतो, स्त्रीही घालते. कोणी त्याला नक्कल म्हणत नाही, कारण शिवण, रंग आणि ओढणी यांतून फरक स्पष्ट असतो. म्हणजे एकट्या टायपेक्षा पूर्ण पेहराव महत्त्वाचा. मुलगी पुरुष दिसावी या हेतूने सूट-बूट, केस, चालणे सगळे बदलून घेत असेल तर ती नक्कल झाली. हिजाब, लांब कुर्ता आणि त्यावर टाय घातलेल्या मुलीला पाहून कोणी तिला मुलगा समजणार नाही.

दुसरा आक्षेप परक्या लोकांच्या नकलेचा. अबू दाऊदमध्ये त्याविषयीची हदीस आहे आणि तिच्या आधाराने काही उलमा टायला नापसंत ठरवतात. दुसरे काही उलमा म्हणतात की जी वस्तू एखाद्या धर्माची खूण राहिलेली नाही, सर्वांच्या वापरात आली आहे, तिला हा नियम लागू होत नाही. प्रेषित (स.) यांनी प्रवासात अरुंद बाह्यांचा शामी जुब्बा घातल्याचे हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे, आणि शाम तेव्हा रोमी सत्तेखालचा प्रदेश होता. खूण देशाप्रमाणेही बदलते. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर टाय पाश्चात्त्य गुलामीची निशाणी ठरून सरकारी कचेऱ्यांतून गेला. तुर्कस्तान आणि मलेशियात मुसलमान अधिकारी तो सर्रास घालतात. मतभेद आहेत हे मान्य करून आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. मात्र विचारताना "टाय हलाल की हराम?" एवढेच न विचारता मुलगी तो कशावर, कुठे आणि कशासाठी घालणार आहे तेही सांगावे.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि तिच्यावर मतभेद नाही. सूरह नूरच्या ३१ व्या आयतीत ओढणी गळ्याखाली छातीवरून घेण्याचा आदेश आहे. टाय नेमका तिथेच लटकतो. तंग शर्टावर बांधलेला टाय छातीकडे लक्ष वेधतो. सैल शर्ट किंवा लांब जाकिटावर, स्कार्फ नीट घेऊन घातलेला टाय तसे करत नाही. अब्बांनी चिंता करायचीच असेल तर टायपेक्षा शर्टाच्या मापाची करावी.

चौथी कसोटी खर्चाची. सूरह अअराफमध्ये सजण्याची मुभा आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आली आहे. एका दिवसाच्या हौसेसाठी नामांकित कंपनीचा टाय विकत घेण्यापेक्षा जुन्या सूटच्या कापडातून घरी शिवलेला टाय अधिक शोभेल.

रेशमाची गंमत

एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. उंची टाय शुद्ध रेशमाचा असतो. हदीसप्रमाणे रेशीम आणि सोने या उम्मतच्या पुरुषांना मना आहे, स्त्रियांना मुभा आहे. म्हणजे निकाहच्या दिवशी सूटवर शुद्ध रेशमी टाय मिरवणाऱ्या नवरदेवाने खरे तर आधी विचार करायला हवा. तोच टाय त्याच्या बहिणीच्या गळ्यात असता तर रेशमाचा आक्षेप आला नसता. बाजारातले स्वस्त टाय बहुधा पॉलिस्टरचे असतात, त्यांना हा नियम लागू नाही. घेताना लेबल पाहावे.

रेशमाच्या या नियमामुळे आपल्याच भागात एक सुंदर कापड रुजले. त्याचे नाव मशरू, म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. वरच्या बाजूने रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूने सूत, अशी त्याची वीण असते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मशरू आणि हिमरूसाठी नावाजलेले होते. मुलींना टायची हौस असेल तर हिमरूच्या तुकड्याचा टाय शिवून पाहायला हरकत नाही. विणकराच्या घरी चार पैसे जातील आणि पेहरावात आपल्या मातीची खूणही राहील.

जिथे टाय कामाचा भाग आहे

हौसेचा प्रश्न एक, नोकरीचा दुसरा. हॉटेल व्यवस्थापन, विमानसेवा, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मोठ्या रुग्णालयांचे स्वागतकक्ष अशा कामांत टाय गणवेशाचा भाग असतो. वकिलीत तर गळ्याचे कापड नियमातच आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार महिला वकिलांनी काळे जाकीट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर आणि पांढरे बँड घालायचे असतात. त्यासोबत साडी चालते, सलवार-कुर्ता चालतो, पांढरा किंवा काळा दुपट्टाही चालतो. जिल्हा व सत्र न्यायालयाच्या खालच्या न्यायालयांत बँडऐवजी काळा टाय लावण्याची मुभा आहे. म्हणजे तालुक्याच्या कनिष्ठ न्यायालयात वकील म्हणून उभी राहणारी आपली लेक कायद्याच्या आधाराने टाय घालू शकते.

न्यायमूर्ती फातिमा बीवी यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. केरळच्या पथनमथिट्टाच्या या मुस्लिम मुलीला वडिलांनी कायदा शिकवला. १९५० मध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आपल्या शेजारच्या हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे वडील बेकरीत काम करत. या मुलीने विमान चालवण्याचा व्यावसायिक परवाना मिळवला आणि हिजाब सोडला नाही. अशा घरांत बापाने पहिला प्रश्न गणवेशाचा केला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

लातूर पॅटर्नच्या वाटेने डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींसाठी मात्र उलटी माहिती आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ मध्ये डॉक्टरांना रुग्ण तपासताना टाय टाळण्याची सूचना केली. टाय क्वचितच धुतला जातो, रुग्णाला लागतो आणि जंतू पुढे नेतो. तेव्हा रुग्णाजवळ जाताना टाय नको आणि दुपट्ट्याची टोकेही आत खोचलेली असावीत.

सक्ती दोन्ही बाजूंनी

मुस्लिम मुलीच्या गळ्यावर आणि डोक्यावर सर्वांचेच लक्ष असते. २०२४ मध्ये मुंबईतल्या चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका जूनमध्ये फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांपुरती त्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. मुलीने काय घालावे हे तिला न विचारता ठरवले गेले, ही आपली तक्रार होती आणि ती रास्त होती. मग तीच तक्रार आपल्या मुलीने घरात केली तर आपण ऐकून घेणार की नाही?

याचा अर्थ आई-बापांनी बोलूच नये असा नाही. मुलांना हया शिकवणे ही त्यांची जबाबदारीच आहे. पण समजावणे आणि शिक्षण थांबवण्याची धमकी देणे यांत मोठे अंतर आहे. इल्म मिळवणे फर्ज आहे. ज्या टायविषयी उलमांचे एकमत नाही त्याच्यापायी फर्ज सोडायला लावणे कोणत्या हिशेबात बसते?

घालायचाच तर असा

कॉलर उभी करून टाय गळ्यात घ्या. रुंद टोक उजव्या हाताला, अरुंद टोकापेक्षा फूटभर खाली ठेवा. रुंद टोक अरुंद टोकावरून डावीकडे न्या, मागून फिरवून उजवीकडे आणा आणि पुन्हा समोरून डावीकडे न्या. मग ते खालून गळ्यापाशी वर काढा आणि समोर तयार झालेल्या घेरातून खाली ओढा. गाठ हळूच वर सरकवा. गळ्यात बोट सहज जाईल इतकी ती सैल असावी.

स्कार्फ छातीवरून घेतला की टाय बराचसा झाकला जातो. शाळेच्या गणवेशात त्याने काही बिघडत नाही. लहान मुलींसाठी इलॅस्टिक किंवा हुकाचा टायच घ्या. खेळताना ओढला गेला तर तो सुटतो, गाठीचा टाय आवळतो. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, गॅसची शेगडी यांच्याजवळ टाय काढून ठेवावा. दुचाकीवर मागे बसताना ओढणीसारखाच तोही आत खोचावा. प्राण्यांची किंवा माणसांची चित्रे असलेला टाय नमाजच्या विचाराने टाळलेला बरा.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. मुलगी टाय घेऊन समोर आली तर पहिल्याच वाक्यात नाही म्हणू नका. तिला जवळ बसवा. कशासाठी घालायचा आहे, कोणत्या कपड्यावर, कुठे, हे विचारा. सूरह नूरची आयत तिच्यासोबत तर्जुम्यासह वाचा. पेहराव तुमच्यासमोर एकदा घालून पाहायला सांगा. बहुतेक वेळा शर्ट थोडा सैल, स्कार्फ थोडा मोठा एवढ्यावर तोडगा निघतो. तोडगा नाही निघाला आणि तुम्हाला नाहीच म्हणायचे असेल, तर नकार टायपुरता ठेवा. वह्या-पुस्तके, बसचा पास आणि पुढच्या वर्षीचा प्रवेश यांना त्या नकाराचा धक्का लागू देऊ नका.

अल्लाह आपल्या लेकींना उपयोगी पडणारे इल्म आणि हया दोन्ही देवो. आमीन.